मधली तेरा वर्षं

वैजयंता फडतरेच्या फायलीला तिच्या नवऱ्यानं 'बाळ' असं नाव ठेवलं होतं. कारण बाई एस.टी.त बसली की फाईल मांडीवर घ्यायची, शिंतोडा आला की पदराखाली घ्यायची, आणि बाळाचं वजनही चांगलं साडेतीन किलो भरत होतं. हे काही अंदाजपंचे सांगत नाही. वैजयंता पिंपरणी गावची अंगणवाडी सेविका. एकतीस वर्षं गावातली पोरं तोलली, तशी एके दिवशी फाईलही काट्यावर ठेवून मोकळी झाली.

फायलीवर निळ्या अक्षरात लिहिलं होतं: 'हवालदार जालिंदर फडतरे (निवृत्त). दुय्यम अपंगत्वाचा दावा.'

आता 'दुय्यम' म्हटलं की आपल्याला कमी प्रतीचं काहीतरी वाटतं. सैन्याच्या कागदांत तसं नसतं. नोकरीत जी इजा झाली ती मूळ. त्या इजेच्या पोटी पुढं काही वर्षांनी जी दुसरी जन्माला येते ती दुय्यम. जालिंदरची मूळ इजा २०१३ च्या जानेवारीतली. बर्फातल्या एका चौकीवर रॉकेलचे कॅन चढवताना तो घसरला आणि उजवा गुडघा आतून फाटला. ती इजा सैन्यानं कधीच मान्य केली होती, आणि बरेच महिने आजारपणाच्या रजेवर गावी काढून तीन वर्षांनी त्यावरच तो सैन्यातून सुटला होता. पण लंगडणाऱ्या माणसाचा सगळा भार चांगल्या पायावर पडतो. गेली पाच वर्षं त्याचा डावा खुबा दुखत होता, आणि आता २०३९ मध्ये तो इतका झिजला होता की उठता-बसता त्याच्या तोंडून आवाज निघायचा. दावा मान्य झाला तर सैन्याच्या मोठ्या हॉस्पिटलात खुबा लगेच बदलून मिळणार होता. नाहीतर यादीत नाव घालून चार वर्षं वाट बघायची.

पहिला अर्ज फेटाळला गेला होता. 'सदर झीज लंगडण्यामुळेच झाली असे दिसून येत नाही. ती वयोमानानुसारही असू शकते.' त्या 'वयोमानानुसार' शब्दानं वैजयंताचं डोकं फिरलं. ज्या माणसाला आपण सव्वीस वर्षं खांद्याचा आधार दिला, त्याच्या दुखण्याला कुणीतरी खुर्चीत बसून वयोमान म्हणतो म्हणजे काय?

मग ती पुराव्यांच्या मागं लागली. रेकॉर्ड ऑफिसला अकरा पत्रं लिहून इजेचा मूळ अहवाल मिळवला. तहसीलदारापुढं स्वतः प्रतिज्ञापत्र केलं: 'माझे पती सन २०१३ पासून आजतागायत उजव्या पायाने लंगडत आहेत, हे मी शपथेवर सांगते.' आणि शेवटी तिनं स्वतःचं ब्रह्मास्त्र फायलीला लावलं, ते म्हणजे गुडघ्याची वही. अंगणवाडीत तिला एक गोष्ट हाडीमाशी भिनली होती, की जे नोंदलं नाही ते झालंच नाही. त्यामुळे जालिंदर घरी असेल त्या प्रत्येक दिवसाची नोंद तिनं ठेवली होती. कसा चालला, किती पायऱ्या चढला, तेल कधी लावलं, शेक कधी दिला. अशा सात वह्या झाल्या होत्या.

मधल्या वह्यांतल्या नोंदी फक्त शनिवार-रविवारच्या. कारण सैन्यातून आल्यावर २०१६ पासून २०३० पर्यंत जालिंदर पुण्यात एका गोदामावर सुरक्षारक्षक होता. शनिवारी दुपारच्या गाडीनं यायचा, रविवारी दुपारच्या गाडीनं जायचा. जाताना वैजयंता त्याला आठवड्याचं पीठ बांधून द्यायची, घरच्या रानातल्या ज्वारीचं. डबा तिच्या डाव्या कमरेवर, आणि उजव्या खांद्यावर त्याचा हात. घरापासून फाट्यापर्यंत दीड किलोमीटर दोघं असे जायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, फडतऱ्यांचा जोडा बघा, एकाला सोडून दुसरा हलत नाही.

साक्षीदार म्हणून ती ज्ञानदेव साबळेकडं गेली. साबळे त्याच चौकीवर होता, त्यानंच जालिंदरला पाठीवर घेऊन खाली आणलं होतं. पुढं पुण्यातही दोघं त्याच गोदामावर होते, एका खोलीत. साबळेनं चौकीवरचा सगळा प्रसंग सुंदर अक्षरात लिहून दिला. वैजयंता म्हणाली, "भाऊजी, खाली एवढी एक ओळ घाला. तेव्हापासून आजपर्यंत लंगडत आहेत."

साबळेचा पेन थांबला.

"वैनी, चौकीवरचं मी डोळ्यानं बघितलं, ते लिवलं. पुढचं डॉक्टरला इचारा."

"अहो, पण तुम्ही पुण्यात सहा वर्षं एका खोलीत राहिलात की."

"राहिलो," साबळे म्हणाला आणि आत चहा टाकायला सांगितलं. चहा नुकताच पिऊन झाला होता. वैजयंताला राग आला. एका ओळीचीसुद्धा काटकसर करणारा माणूस, असं ती घरी येऊन बोलली. दाराच्या चौकटीला टेकून जालिंदर रस्त्याकडं बघत राहिला.

त्याच वर्षी नियम बदलला. दुय्यम दाव्यांना आता हाडवाचन लागणार होतं, आणि जिल्ह्याच्या गावी माजी सैनिकांच्या दवाखान्यात त्याचं यंत्र आलंसुद्धा. जालिंदर म्हणाला, "कशाला मशीनच्या नादी लागायचं? साबळ्याचं पत्र हाय, तुझं शपथपत्र हाय. ऱ्हाऊ दे."

"तुम्हाला काही कळतंय का? मशीननं सांगितलं की कुणाच्या बापाची टाप आहे वयोमान म्हणायची?"

यंत्राच्या डॉक्टर होत्या अस्मा मुजावर. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, आणि समजावून सांगायची हौस असलेल्या. त्यांनी एक जुनं हाड टेबलावर ठेवलं आणि दोघांना खुर्च्या दिल्या.

"हाड म्हणजे दगड नव्हे," त्या म्हणाल्या. "ते आयुष्यभर आतून मोडत असतं आणि नव्यानं बांधलं जात असतं. काही पेशी जुनं खरवडतात, काही नवं लिंपतात. पोतेऱ्यानं चूल सारवावी तसं. जिथं भार जास्त, तिथं लेप जाड. जिथं भार नाही, तिथं पातळ. जुने सगळे लेप काही जात नाहीत, त्यांचे बारके तुकडे आत शिल्लक राहतात. हे यंत्र ते तुकडे शोधतं, जोडतं, आणि कुठल्या वर्षी कुठल्या पायानं किती भार वाहिला ते सांगतं."

"पण वर्ष कसं कळतं?" वैजयंतानं विचारलं. नोंदीला तारीख नसेल तर तिच्या लेखी ती नोंदच नव्हे.

डॉक्टर खूश झाल्या. "सैन्यातली वर्षं तुमच्या कागदांवरून लागतील. पुढची धान्यावरून. प्रत्येक रानाच्या मातीत काही धातूंचं ठरावीक प्रमाण असतं, ते ज्वारीत उतरतं, ज्वारीतून हाडात. दुष्काळात विहिरीचं पाणी खोलातून येतं, ते प्रमाण बदलतं. म्हणजे प्रत्येक वर्षाचा एक शिक्का हाडात बसतो. फक्त तो शिक्का पडताळायला ताळ्याचं माणूस लागतं. त्याच रानातलं, त्याच चुलीवरचं खाल्लेलं."

ताळा हा शब्द वैजयंताला फार आवडला. बेरीज बरोबर आली की नाही ते ताळा करून बघायचं, हे ती पोरांना शिकवायची. ती म्हणाली, "मग मीच की. त्यांनी पुण्यातसुद्धा माझ्याच पिठाची भाकरी खाल्लीय."

आधी जालिंदर यंत्रात गेला, मग ती. अकरा मिनिटं निपचित पडायचं होतं. भरदिवसा इतका वेळ ती बाळंतपणानंतर कधी आडवी झाली नव्हती. डाव्या कमरेत कळ आली तशी तिनं दात आवळले आणि मनात म्हटलं, कुणाची कंबर दुखत नाही?

अहवाल तीन आठवड्यांनी आला. जालिंदर दवाखान्याच्या आवारातच बाकावर बसला. "तू जा. मला त्या कागदातलं काय कळतंय," म्हणाला. अहवाल पत्नीच्या हाती द्यावा, असं त्यानं आधीच लिहून दिलं होतं.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं, आणि पडद्यावर आलेख काढला. "समजावून सांगते—"

"नको, मला येतं," वैजयंता म्हणाली. आणि तिला खरोखरच येत होतं. पोरांच्या वजनाचे आलेख एकतीस वर्षं वाचलेली बाई ती. कुठलं पोर कुठल्या महिन्यात आजारी पडलं, कुठल्या घरात सासू सुनेला खाऊ देत नाही, हे ती रेषा बघून सांगायची.

इथं दोन रेषा होत्या. निळी डाव्या खुब्याची, तांबडी उजव्याची. २०१३ पर्यंत दोन्ही हातात हात घालून चालल्या होत्या. जानेवारीत तांबडी धाडकन खाली आली, निळी वर चढली, आणि मधे मगरीच्या जबड्यासारखी फट पडली. वैजयंताच्या डोळ्यांत पाणी आलं. हेच तर ती दोन वर्षं ओरडून सांगत होती.

मग तिचं बोट पुढं सरकलं. चौदा, पंधरा, सोळा. फट मिटत चालली होती. २०१७ मध्ये दोन्ही रेषा एकमेकींना भेटल्या. तिथून पुढं त्या एकीवर एक अशा चालल्या होत्या की दोन रंगांची एकच रेघ दिसावी. अठरा, एकोणीस, वीस. सरळ तेरा वर्षं. २०३० मध्ये फट पुन्हा पडली होती आणि आजपर्यंत रुंदावत आली होती.

"हे चुकलंय," ती म्हणाली. "मधे चुकलंय तुमचं मशीन."

"मलाही वाटलं," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणून दोनदा वाचलं. शिवाय गुडघा वेगळा वाचला. तो २०१७ पर्यंत भरून आलाय. चांगला भरलाय. त्यानंतर त्याला काही झालेलं नाही."

"तारखा चुकल्या असतील."

"तारखा इतक्या पक्क्या मी कुणाच्याच बघितल्या नाहीत. ते तुमच्या पिठानं झालंय, ताई. प्रत्येक वर्षाचा शिक्का तुमच्या हाडाशी जुळतोय."

वैजयंताचं बोट अजून काचेवर होतं, २०१९ वर. त्या वर्षी ती मुख्यसेविकेची परीक्षा पास झाली होती. तालुक्यातून दोघीच. नेमणुकीचा हुकूम आला, तो मेढ्याचा, म्हणजे तिथंच राहायला जायचं. हातात टपाल घेऊन ती शनिवारी फाट्यावर उभी राहिली होती. जालिंदर गाडीतून उतरला, तिच्या खांद्यावर हात ठेवून चालता चालता त्यानं हुकूम वाचला, आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त लंगडला. वहीत नोंद आहे: 'आज फार त्रास. दोनदा बसावे लागले.' सोमवारी तिनं कार्यालयाला लिहून दिलं होतं, पतीच्या पायाच्या अपंगत्वामुळे नेमणूक स्वीकारू शकत नाही. तेरा वर्षांपैकी त्या वर्षाची रेष सगळ्यांत सरळ होती.

"मग आता खुबा कशानं झिजला?" तिनं विचारलं. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही.

"लंगडण्यानंच." डॉक्टर चाचरल्या. "हाडाला कारण कळत नाही, ताई, भार कळतो. तीसपासून ते रोज दिवसभर लंगडत चाललेत. त्यानं डावा खुबा खरोखर झिजलाय. दुखणं खरं आहे, त्यात खोट नाही. फक्त, लंगडायला गुडघ्यानं लावलेलं नाही."

२०३० मध्ये गोदामाची नोकरी सुटली होती. माणूस कायमचा घरी आला होता. आठवड्यातून एक दिवस करायचं सोंग मग सातही दिवस करावं लागलं, आणि सोंगानंच खुबा खाल्ला. वैजयंताला हे एका क्षणात कळलं, आणि कळल्याची तिला लाज वाटली, जणू तिनंच काही केलं होतं.

"आणखी एक दाखवायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "खरं तर तुम्ही ताळ्यापुरत्या. पण हे बघून मला गप्प बसवेना."

दुसऱ्या आलेखावर नाव होतं, वैजयंता जालिंदर फडतरे. त्यातही जबडा होता. तो २०१३ मध्ये उघडला होता आणि पुन्हा कधी मिटलाच नव्हता. निळी रेष चढत चढत कागदाच्या कडेला गेली होती.

"तुमचा डावा खुबा त्यांच्यापेक्षा जास्त झिजलाय. मणकेही एका बाजूला गेलेत. तुम्ही एवढं काय उचलत होता?"

वैजयंतानं दोन्ही अहवाल बाळात ठेवले आणि ती उठली. उठताना टेबलाचा आधार घेतला हे आज पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं.

जालिंदर बाकावर तसाच बसला होता. तिला बघून त्यानं सवयीनं डावा हात वर केला, खांदा मिळावा म्हणून. ती दोन हात दूर उभी राहिली.

"२०१९ साली तुमचा गुडघा कसा होता?"

हात तसाच हवेत राहिला. मग तो खाली आला आणि गुडघ्यावर बसला. नको तिथं, चांगल्या गुडघ्यावर.

"साबळ्यानं सांगितलं व्हय?"

एवढंच तो बोलला, आणि तिला जे थोडंफार वाटत होतं, की यंत्र चुकलं असेल, तेही संपलं.

"साबळेभाऊजींनी तोंड उघडलं नाही. तुमच्या हाडानं सांगितलं."

आवारात माणसं येत-जात होती. कुणीतरी "रामराम हवालदार" म्हणालं, जालिंदरनं मान हलवली. मग फरशीकडं बघत तो बोलू लागला, खालच्या आवाजात.

"सुरवातीला खोटं नव्हतं, वैजा. आईची आण. चार वर्षं लई सोसलं. मग सतरा साली एक दिवस गोदामाचा जिना चढलो, अन् वर गेल्यावर ध्यानात आलं की दुखलंच न्हाय. शनिवारी तुला सांगायचं म्हणून पेढे घेतले. गाडी थांबली. तू खाली हुबी. खांदा फुडं करून. मी हात ठिवला."

"आणि?"

"अन् काय. फुडच्या शनवारी सांगू म्हटलं."

"तेरा वर्षांत पावणेसातशे शनिवार येतात," वैजयंता म्हणाली. "एकही सापडला नाही तुम्हाला?"

"गाव काय म्हणलं असतं? सव्वीस जानेवारीला शाळेत मला बोलवत्यात, ते काय माझ्या तोंडाकडं बघून? चौकीवरचा गुडघा म्हणून. अन् चांगला चालाय लागलो तर म्हणणार, फडतऱ्यानं सरकारला फसवलं."

"गावाचं राहू द्या. मेढ्याचं सांगा."

तिनं वाट बघितली. वाट बघायची तिला सवय होती.

"तू गेली असतीस," तो शेवटी म्हणाला. "शनवारी मी कुणाच्या घरी येणार व्हतो? कुलपाच्या?"

तिला वाटलं होतं की राग येईल. राग आला नाही. हा माणूस तिच्यावाचून राहू शकत नव्हता, हे खरं होतं. ते त्यानं तोंडानं सांगितलं असतं तर ती कदाचित गेलीही नसती. आणि गेली असती तरी शनिवारी तीही घरी आलीच असती, मेढा काही चंद्रावर नव्हता. त्यानं विचारलंच नाही. त्यानं लंगडून दाखवलं. तिच्या मायेची नस त्याला सापडली होती, आणि तो दर आठवड्याला तिच्यावर भार देऊन चालला होता. तिला इतकं फसवलं गेल्यासारखं कधीच वाटलं नव्हतं. परक्यानं लुबाडलं असतं तर चारचौघांत ओरडता तरी आलं असतं.

"चला," ती म्हणाली आणि फाटकाकडं निघाली.

"वैजा, जरा हळू. आता खरंच दुखतंय."

"माहीत आहे. तेही हाडानंच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणवाडीला जायच्या तयारीत होती, तेव्हा जालिंदरनं अहवाल ओट्यावर पसरला होता. सोळा पानं. त्यानं ती तीन गठ्ठ्यांत लावली होती.

"मी रातभर इचार केला," तो म्हणाला. "ही पहिली पाच पानं सतरापर्यंतची. ही शेवटची पाच, तीसपासनं फुडची. ह्यात लंगडणं पण हाय, झीज पण हाय. एवढी लाव. मधली सहा कशाला लावायची? कोण मोजत बसतंय?"

तिनं वजनाची वही पिशवीत घातली.

"तुझ्या शपथपत्रावर पण बोट येत न्हाय. नाहीतर तूच खोटी पडशील, तहसीलदारापुढं लिवून दिलंयस. मी तुझ्यासाठीच म्हणतोय."

हे मात्र खरं होतं. 'आजतागायत लंगडत आहेत, हे मी शपथेवर सांगते.' ती आयुष्यात एकदाच शपथ घेऊन बोलली होती, आणि तिच्या तोंडून त्यानं खोटं वदवलं होतं. मधली पानं काढली की ते खोटं खरं होणार होतं. दावा मान्य होणार, खुबा बदलून मिळणार. जालिंदर चप्पल घालायला वाकला आणि कळ येऊन भिंतीला टेकला. त्याच्या कपाळावर घाम आला, तो काही सोंगाचा नव्हता. वैजयंताचा हात आपोआप पुढं गेला. तिनं तो मागं घेतला, आणि मागं घेताना तिला तिची स्वतःची कंबर लागली.

दाराच्या मागं, खुंटीला, एक काठी टांगलेली होती. २०१३ मध्ये सैन्याच्या हॉस्पिटलनं दिलेली, रबरी बुंधा, ॲल्युमिनियमची. सव्वीस वर्षांत तो ती घेऊन एकदाही चालला नव्हता. 'काठी कशाला, तू हायस की,' असं म्हणायचा, आणि तिला ते ऐकून बरं वाटायचं. वैजयंतानं ती खाली काढली, ओल्या फडक्यानं पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"धरा."

मग ती ओट्यावर बसली. पहिली पाच पानं उचलली, शेवटची पाच उचलली. मधल्या सहांवर तिनं हात ठेवला.

"ही तेरा वर्षं तुमची नाहीत, माझी आहेत," ती म्हणाली. "ही काढायची नाहीत."

"मग दावा गेला."

"गेला तर गेला. नंबर लावू. चार वर्षं थांबू. मी थांबलेच की."

जालिंदरनं काठीचा बुंधा जमिनीवर दोनदा टेकवला. त्या दिवशी अंगणवाडीत पोरांची वजनं घेताना वैजयंता दोनदा आकडा चुकली.

पुढच्या सोमवारी ती दवाखान्याच्या काउंटरवर उभी होती. काउंटरवर सुभेदार घाडगे बसायचे, निवृत्त, पांढऱ्या मिशांचे. दोन वर्षांत त्यांना बाळ तोंडपाठ झालं होतं. त्यांनी पानं मोजली, सोळाच्या सोळा, आणि वर लावलेलं नवं प्रतिज्ञापत्र वाचू लागले. 'मी पूर्वी लिहिले ते मला दाखवण्यात आले तसे लिहिले होते. सन २०१३ ते २०१७ माझे पती खरोखर लंगडत होते. पुढचे सोबतच्या अहवालात आहे, ते खरे मानावे.'

घाडग्यांनी चष्मा काढला. "वहिनी, हे तुमच्याच दाव्याच्या मुळावर येतंय."

"येऊ द्या. पण पहिली चार वर्षं खरी आहेत, तेवढं कुणी वयोमान म्हणायचं नाही. हे त्यांना सांगा."

जालिंदर मागच्या बाकावर बसला होता. बसमधून तो एकटा उतरला होता, काठी टेकत, एकेक पायरी, आणि ती खाली थांबली होती, पण खांदा पुढं न करता. स्टँडपासून इथपर्यंत दोघांच्या मधे एका माणसाचं अंतर होतं. त्यानं एकदाही वर बघितलं नव्हतं. आता मात्र बघत होता.

घाडग्यांनी शिक्का मारला, पोच दिली. वैजयंता हलली नाही.

"आणि एक नवा केसपेपर काढा."

"कुणाचा?"

"माझा. वैजयंता जालिंदर फडतरे. वय बावन्न."

"त्रास काय?"

"डावा खुबा. मणका पण."

"कधीपासून?"

"दोन हजार तेरापासून."

घाडगे लिहीत होते. "इजा कशानं झाली? पडलात वगैरे?"

वैजयंतानं मागं वळून बघितलं. जालिंदरनं काठीवरची मूठ आवळली होती, आणि तो मान हलवत होता, नको नको म्हणून.

"मूळ इजा त्यांच्या फायलीत आहे," ती म्हणाली. "माझी दुय्यम लिहा."